टेकडीवरचे चर बुजवा : वृक्षलागवड करणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
आमच्या गावामागच्या टेकडीवर वृक्षलागवड आखणारे अधिकारी, तिला ठराव देणारी आमची ग्रामपंचायत आणि रोपांचा खर्च उचलणारी कंपनी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी पहाटे मी नेहमीसारखी टेकडीवर गेले, तर पूर्वेच्या उतारावर जेसीबी उभा होता आणि त्याच्यामागे उताराला आडवे, ओळीनं पाच चर. चरांच्या कडांमधून गवताच्या मुळ्या लोंबत होत्या. काही ठोंब उलटे पडले होते, मुळांनी माती अजून धरून ठेवलेली. एक उचलून पाहिला. वरची पात मूठभर, खालचा पसारा दोन्ही हातांत मावेना. कुणाचा तरी संसार दाराबाहेर काढून ठेवलेला पाहावा, तसं झालं मला.

चौकशी केली तेव्हा कळलं, की पावसाळ्यात इथे रोपं लावायची आहेत आणि त्यासाठी ‘खोल सलग समतल चर’ मंजूर झाले आहेत. कागदावर टेकडीची नोंद ‘पडीक’. ग्रामसभेत मी हात वर केला, तर उत्तर मिळालं, “बाई, तुम्ही विज्ञान शिकवलंत आणि तुम्हीच झाडांना विरोध करता?” लोक हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर वाटलं, की प्रश्न तितका चुकीचा नाही आणि त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येणार नाही. म्हणून हे पत्र. आपल्याला लिहिलंय, पण गावानंही वाचावं म्हणून उघडं ठेवलंय.

आधी माझ्याकडची कबुली. मी 31 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर एक बाण काढायचे. डावीकडे उघडा खडक, मग दगडफूल, मग शेवाळी, मग गवत, मग झुडपं आणि अगदी उजवीकडे डेरेदार झाड. बाणाखाली लिहायचं ‘अनुक्रमण’, झाडाखाली ‘चरमावस्था’. पाच गुणांचा हमखास प्रश्न. दगडफुलाशी मुलं थोडी रमायची, कारण ते त्यांना गोड्या मसाल्यातून माहीत असायचं. कुणीतरी घरच्या डब्यातून चिमूटभर आणायचं. ते एक बुरशी आणि एक शैवाल यांनी मिळून थाटलेलं घर असतं, त्यातून पाझरणारी आम्लं खडकाला सावकाश कुरतडतात, हे ऐकून डोळे मोठे व्हायचे. गवतापाशी मात्र कुणी थांबत नसे. मीही नाही. गवत म्हणजे झाडाच्या वाटेवरचा एक थांबा, एवढंच आम्ही सगळे पाठ करत होतो. त्या वर्गांतली काही मुलं आज आपल्यासारख्या खुर्च्यांवर आहेत. गवत दिसलं की त्यांना अर्धवट राहिलेलं जंगल दिसत असेल, तर त्या बाणाचा थोडा दोष माझ्याकडेही येतो.

बाण अगदीच खोटा नव्हता. हेन्री काउल्स नावाचा अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवरून आत चालत गेला आणि पाण्याजवळची कोवळी वाळू, मग गवत, मग झुडपं, मग जंगल असा काळच त्याला जमिनीवर आडवा पसरलेला दिसला. त्यानं ते 1899 मध्ये मांडलं. पुढे 1916 मध्ये क्लेमेंट्स या दुसऱ्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा पक्का सिद्धांत केला, की वनस्पतींचा समूह एखाद्या प्राण्यासारखा जन्मतो, वाढतो आणि एका ठरलेल्या प्रौढावस्थेला पोचतो. दहाच वर्षांत ग्लीसन या त्यांच्याच देशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला हरकत घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जी बी जिथे पडली, तगली, ती तिथे आली. शेवट काही आधी लिहून ठेवलेला नसतो. आमच्या पाठ्यपुस्तकात बाण उतरला, हरकत राहून गेली.

आता टेकडीकडे येते, कारण काउल्सला वाळूत जे दिसलं ते आपल्याला चपला घालून अर्ध्या तासात दिसू शकतं.

दक्षिणेच्या कोपऱ्यात मुरुमाची जुनी खाण आहे. मी शाळेत असताना ती चालू होती. तिथे अजून फार काही नाही: दगडावर राखाडी-पांढरे ठिपके, पावसाळ्यात निसरडा होणारा काळपट थर, कपारींत तरवड. पायथ्याच्या वरच्या ताली, म्हणजे उतारावर बांध घालून केलेली शेतं, माझे आजोबा वाट्यानं कसायचे. 1972 च्या दुष्काळानंतर त्या पुन्हा पेरल्या गेल्या नाहीत. आई सांगायची, पहिल्या पावसात तिथे नुसता कुर्डू आणि टाकळा माजला होता, मग एकदांडी, मग हराळीनं कड धरली. तिथे माती आणि मातीतलं बी आधीपासून होतं, म्हणून तालींचा वेग खाणीपेक्षा कितीतरी जास्त. आज त्या तालींवर मारवेल गवत आहे, बोरी आहेत, हेकळाची काटेरी झुडपं आहेत. आणि माथ्यावर, जिथे नांगर कधी गेलाच नाही, तिथे पवना आणि डोंगरी ही गवतं. दख्खनच्या गवताळ भागाची ओळखच शास्त्रज्ञांनी पवना-मारवेल या जोडीवरून ठेवली आहे. तीन जागा, तीन वयं. आपल्या नकाशात तिन्हींचा रंग एकच आहे.

हे आपोआप झालं का? नाही. 2008 साली गावानं तीन गोष्टी ठरवल्या. होळीच्या आधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत नसलेला पट्टा, काढायची आणि टेकडी पेटू द्यायची नाही. दिवाळीपर्यंत गुरं वर न्यायची नाहीत. दिवाळीनंतर गवत विळ्यानं कापायचं, घरटी वाटून घ्यायचं. ‘जाळलं की पुढल्या वर्षी गवत दाट येतं’ असं म्हणणारे तेव्हा अर्ध्या गावात होते. त्यांची समजूत काढण्यात दोन उन्हाळे गेले, भांडणं झाली, एकदा मध्यरात्री ओल्या पोत्यांनी वणवा झोडपताना आमच्या शेजाऱ्यांचे हात भाजले. पण टेकडी बदलली. पहिली काही वर्षं सगळीकडे कुसळी गवतच होतं. कुसळीचं एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. त्याची काळी शेपटी पिळा सुटल्यासारखी गरगर फिरायला लागते. मातीत असेल तर याच फिरण्यानं बी गिरमिटासारखं आत शिरतं. पेरायला कुणी लागत नाही. (आमच्याकडे म्हण आहे, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. जेसीबी पाहिल्यावर मला ती फारच आठवली.) मग हळूहळू कुसळी मागे सरली आणि पवन्यानं जागा घेतली.

तालींवरच्या एका हेकळाच्या जाळीत मी चार वर्षांपूर्वी चंदनाचं रोप पाहिलं. तिथे ते कुणी लावलेलं नाही. बुलबुल किंवा कोकिळेनं फळ खाल्लं असणार आणि त्या काट्यांवर बसून बी टाकलं असणार. चंदन अर्धपरजीवी आहे, शेजाऱ्याच्या मुळांना आपली मुळं चिकटवून ते पाणी आणि क्षार घेतं. जाळीनं त्याला शेळीपासून वाचवलं, उन्हापासून वाचवलं आणि जेवायलाही घातलं. आता ते माझ्या खांद्याला लागतं. आपल्या आराखड्यात ‘अनावश्यक झुडपांची सफाई’ असं एक कलम आहे. त्यातलं पहिलं झुडूप हे हेकळच असेल, कारण ते आखलेल्या रेषेवर आहे.

आता तक्रारी. क्रमानं सांगायचा प्रयत्न करते.

पहिली तक्रार ‘पडीक’ या शब्दाची. देशभरात गवताळ माळांची आणि खुरट्या रानांची नोंद वर्षानुवर्षं पडीक जमिनीत होत आली आहे. एकदा पडीक लिहिलं, की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. आमच्या ‘पडीक’ जमिनीनं गेल्या वर्षी गावातल्या गुरांना चारा दिला. तिथे तितर आहेत, ससे आहेत, गवताच्या बुडाशी घरटं करणारा डोंबारी चंडोल आहे. त्याला झाडी नकोच आहे, उघडा माळ हवा आहे. याच जिल्ह्यात, बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते चिंकाऱ्यांसाठी आणि त्यांच्या माळासाठी. म्हणजे शासनाला गवताची किंमत ठाऊक नाही असं नाही. ती हद्दीबाहेर पडली की संपते, एवढंच.

दुसरी, आणि सगळ्यात मोठी, चरांची. चर वाईट असतात असं मी म्हणत नाही. उघड्या, धुपणाऱ्या उतारावर त्यांनी पाणी मुरवलं आहे, अनेक गावांची तहान भागवली आहे. पण जिथे गवताचं दाट आवरण आहे, तिथे पाणी मुरवायचं काम तीच मुळं करत असतात. ती तोडून, शेजारी मातीचा भराव घालून आपण नेमकी धूप सुरू करता आहात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की तो भराव ओढ्यात जाईल. आणि त्या उघड्या मातीवर परत पवना येणार नाही. आधी येईल गाजर गवत. टँकरसाठी काढलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना ते आलंही आहे, मी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत. (गाजर गवताची देशातली सुरुवातीची नोंद 1950 च्या दशकात पुण्यातच झाली, हा आपल्या जिल्ह्याचा एक नकोसा मान.) जी जागा अनेक पावसाळे पुढे आली होती, ती एका आठवड्यात कुर्डू-टाकळ्याच्याही मागे गेली.

तिसरी रोपांची. यादीत गिरिपुष्प आहे, सुबाभूळ आहे, गुलमोहर आहे. गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, हलक्या जमिनीत तगतं, पटकन हिरवं दिसतं, म्हणून सामाजिक वनीकरणाच्या काळापासून ते लाडकं. पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन पाहा. त्याचे दाट पट्टे आहेत आणि त्यांच्याखाली गवत विरळ, स्थानिक झाडांची पोरं शोधावी लागतात. झाड जगलं, टेकडी थांबली.

मियावाकीचा, म्हणजे स्थानिक झाडांची रोपं खूप दाटीनं लावून पटकन रान उभं करण्याच्या पद्धतीचा, प्रस्ताव कंपनीकडून आला आहे, त्याबद्दल थोडक्यात. अकिरा मियावाकी जपानमधल्या देवळांभोवतीची जुनी रानं पाहून आपल्या पद्धतीकडे वळले. आपल्याकडच्या देवराया आठवाव्यात अशीच ती. तिथे मुळात काय वाढतं ते आधी ओळखा, मग तेच लावा, हा त्यांचा पहिला धडा. पर्जन्यछायेतल्या, 500-600 मिलिमीटर पावसाच्या, वीतभर मातीखाली काळा कातळ असलेल्या माथ्यावर मुळात काय वाढतं, ते मी वर लिहिलंच आहे.

चौथी आकड्यांची. राज्यात 1 जुलै 2016 ला एका दिवसात 2 कोटी रोपं लावायचं ठरलं. मग 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी अशी उद्दिष्टं आली. इतक्या मोठ्या आकड्याला जागा लागते, आणि जागा म्हटलं की सगळ्यांना आधी गवत दिसतं. तो हिशोब खालपर्यंत झिरपला आहे. आजही आपल्या तक्त्यात ‘लावलेली रोपं’ हा रकाना आहे. जाळीत आपणहून आलेलं चंदन त्यात कुठल्या रकान्यात बसतं?

पाचवी लहान आहे. मेंढ्या घेऊन दर वर्षी येणाऱ्या धनगरांना यंदा तारेचं कुंपण दिसेल. त्यांना कुणी विचारलंय का? ते दिवाळीनंतर येतात, दोन रात्री थांबतात, लेंड्या टाकून पुढे जातात. गावाच्या नियमात ते बसतात.

ग्रामसभेत आणखी एक वाक्य बोललं गेलं: “नुसतं सोडून दिलं तर काही होत नाही, माणसानं हात लावावाच लागतो.” यावर मला तीन ठिकाणं सांगायची आहेत. 1883 च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ बेट स्फोटात भाजून निघालं. पुढच्या मे महिन्यात तिथे गेलेल्यांना जिवंत असा एकच इवलासा कोळी सापडला, धाग्यावर तरंगत वाऱ्यानं आलेला. आज तिथे जंगल आहे. दुसरं ठिकाण अमेरिकेतला सेंट हेलेन्स पर्वत. 18 मे 1980 ला त्याचा उद्रेक झाला आणि मैलोगणती जंगल राखेखाली गेलं. 1982 मध्ये तिथल्या संसदेनं सुमारे 1 लाख 10 हजार एकर जागा राखून ठेवली आणि ठरवलं, की इथे निसर्गाला त्याच्या गतीनं काम करू द्यायचं. राखेच्या उघड्या माळावर जे पहिल्यांदा रुजलं ते ल्युपिन, आपल्या हरभऱ्या-तुरीच्या कुळातलं, हवेतला नायट्रोजन मुळांच्या गाठींत साठवणारं. आजूबाजूच्या उतारांवर बिळात वाचलेल्या घुशीसारख्या प्राण्यांनी खालची जुनी माती उकरून राखेवर आणली. ना टँकर, ना ठेका.

तिसरं, आइसलँडजवळचं सुर्त्से बेट, 1963 मध्ये समुद्रातून वर आलेलं. तिथे संशोधकांशिवाय कुणाला पाऊल टाकू देत नाहीत. एकदा तिथे चक्क टोमॅटोचं रोप उगवलं. तपास केला तेव्हा लक्षात आलं, की कुणीतरी संशोधक परसाकडेला उघड्यावर बसला होता. शास्त्रज्ञांनी ते रोप उपटून टाकलं. झाड होतं, हिरवं होतं, फळ देणारं होतं, तरी उपटलं. मला वाटतं, ‘झाडांना विरोध करता?’ या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे.

अर्थात आमची टेकडी म्हणजे क्राकाटोआ नाही. इथे वणवा लागतो, लावला जातो. शेळ्या चुकून वर जातात. शहरातून राडारोड्याचे ट्रक रात्री येतात. सगळं सोडून देऊन घरी बसा, असं मी सांगत नाही. राखण हे कष्टाचं काम आहे, ते आम्ही सोळा-सतरा वर्षं केलंय, फुकट केलंय. हात लावायचाच असेल तर तिथे लावा.

म्हणून मागण्या. जेसीबी उद्याच खाली आणा, आणि पाऊस धरायच्या आत पाचही चर त्याच मातीनं बुजवा. उलटे पडलेले ठोंब सरळ करून लावले तर निम्मे तरी धरतील. त्यासाठी माणसं आम्ही देतो. झुडपांच्या सफाईचं कलम रद्द करा. श्रावण-भाद्रपदात, गवत फुलोऱ्यात असताना, जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाकडून टेकडीची पाहणी करून घ्या आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तोपर्यंत कुठलाही आराखडा नको. ‘पडीक’ ही नोंद बदलून ‘गवताळ माळ’ करण्याचा प्रस्ताव पाठवा. जाळरेषा आणि राखणीची मजुरी रोजगार हमीतून मिळू द्या, म्हणजे पोरांना रात्र जागवल्याचे पैसे मिळतील. गाजर गवत फुलायच्या आत उपटण्याचं काम त्यातच घ्या.

आणि रोपं? ती वाया घालवू नका. शाळेचं आवार उघडं आहे, स्मशानभूमीला सावली नाही, ओढ्याच्या काठावरची झाडं गेल्या दहा वर्षांत तोडली गेली, गावात येणाऱ्या रस्त्याला एक वड उरलाय. तिथे कडुनिंब लावा, करंज, जांभूळ, उंबर लावा. कंपनीला फोटो हवा असेल तर शाळेच्या आवारात मुलांसह चांगला येईल, टेकडीवर तसंही ऊन समोरून येतं. खाणीत काही करायचं असेल तर आधी राडारोडा बंद करा. बाकी खाणीचं खाण बघेल, तिला घाई नाही.

शेवटी त्या जेसीबी चालवणाऱ्या मुलाबद्दल. चौथा चर खणताना त्याला टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालताना दिसली. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि खड्यांच्याच रंगाची चार अंडी शोधून काढली. त्यांच्या भोवती मोठे दगड मांडून ठेवले आणि चर तिथे अडीच-तीन हात वळवून नेला. आराखड्यात तसं काही नव्हतं. त्याला याबद्दल ठेकेदारानं बोल लावला असल्याचं ऐकते. तसं असेल तर कृपया त्याचे पैसे कापू नका. चर बुजवायला याल, तेव्हा ते दगड तिथेच राहू द्या. पिल्लं अजून बाहेर आलेली नाहीत.

कळावे.

आपली,
गावातली एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका